धाबे, खारी आणि आपली गच्ची

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप सेक्रेटरींनी दिला तेव्हा त्यांना बहुधा सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास अपेक्षित असावा. तो चेअरमन साहेबांनी मनोगतात लिहिलाच आहे. शिवाय हा प्लॉट पहिल्यांदा कुणी सुचवला यावर अजूनही दोन मते आहेत आणि दोन्ही मतांचे धनी हयात आहेत, म्हणून त्यात मी पडत नाही. परवा २५ वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते काढून बसलो होतो. पार्किंग, पाणी आणि गळती, या तीन विषयांशिवाय आपली एकही सभा झालेली नाही. त्यातली जास्तीत जास्त पाने गळतीने खाल्ली आहेत, आणि त्या पानांवर माझेही नाव आहे. ते फारसे भूषणावह नाही. तेव्हा हा इतिहास ओलीचा.

माझी मोठी मुलगी रत्नागिरीला दिली आहे. जळगावात घराला बुरशी लागते म्हटलं की तिच्या सासरची मंडळी हसतात. त्यांचेही खरे आहे. आपला खान्देश सह्याद्रीच्या पाठीमागे, पावसाच्या छायेत. त्यांच्याकडे जेवढा पाऊस जुलैत पडतो तेवढा आपल्याला वर्षभरात मिळाला तरी आपण धन्य. मे महिन्यात दुपारी आपल्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उरते, वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो. पण खोड तिथेच आहे. कोकणातला माणूस घर बांधतो ते पावसाला भिऊन. उतरते छप्पर, कौले, भिंतीबाहेर हात-दीड हात आलेल्या पागोळ्या. आपण घर बांधतो ते उन्हाला भिऊन. जाड भिंती, लहान खिडक्या, वर सपाट छप्पर. पाऊस हा आपल्याकडे पाहुणा, आणि पाहुण्यासाठी घर कोण बांधतो? मग ऑगस्टात हाच पाहुणा आठ दिवस मुक्काम ठोकून बसला की आपली धांदल उडते.

माझे लहानपण जुन्या धुळ्यात धाब्याच्या घरात गेले. नव्या पिढीला 'धाबा' म्हटले की हायवेवरची दालफ्राय आठवते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात रुंद. त्यांवर सागाचे सर, सरांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. ज्याची ऐपत नसे तो फळ्यांऐवजी तुराट्या किंवा कपाशीच्या काड्या अंथरी. त्यावर लिंबाचा पाला, म्हणजे उधई लागत नाही. त्यावर चिखलाचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी. उतार एका बाजूला, आणि त्या बाजूला पाणी भिंतीपासून लांब फेकणारी पन्हळ. मधोमध एक झरोका. चुलीचा धूर आणि घरातली दमट गरम हवा त्यातून वर निघून जाई. पाऊस आला की त्यावर एक फुटकी घमेली पालथी घालायची, हे काम माझ्याकडे होते.

खरी गंमत खारीची. ही खारवट माती. शेतात अशी जमीन निघाली की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तिच्यात पाणी मुरतच नाही. अशा मातीत सोडियमचे क्षार असतात. ती भिजली की चिकणमातीचे कण सुटे होऊन फुगतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. वरचे पाणी वरच राहते आणि उताराने निघून जाते. शेतकी खाते ज्या जमिनीला 'चोपण' म्हणून नावे ठेवते, तीच आमच्या डोक्यावर आठ महिने ऊन आणि चार महिने पाऊस झेलत होती. हे रसायनशास्त्र आमच्या आजीला ठाऊक नव्हते. पण कोणत्या नाल्याकाठची खारी चांगली, ते ती चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगत असे.

अक्षय्य तृतीया झाली, म्हणजे आपली आखाजी झाली, की खारीच्या बैलगाड्या गल्लीत यायला लागत. जुनी खारी उन्हाने तडकलेली असे. भेगा उकरायच्या, उंदरांनी केलेली बिळे बुजवायची, वर नवी खारी पसरायची, पाणी शिंपडायचे आणि लाकडी चोपण्याने बडवून काढायची. घरातला प्रत्येक माणूस वर. शेजारच्या धाब्यावर शेजारी. दोन घरांची भिंत एकच असल्यामुळे त्याने खारी टाकली नाही तर पाणी आपल्या घरात येणार, हे दोघांनाही माहीत. म्हणून भांडण असले तरी त्या दोन दिवसांपुरते बोलणे चालू व्हायचे.

एवढे करूनही धाबे गळायचे, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर 'जुने ते सोने' असे मी म्हणतो आहे असे वाटेल. मोठ्या सरीला धाबे भीत नसे. भीत असे ती झडीला. चार-पाच दिवस सारखी भुरभुर लागली, ऊन नाही, वारा नाही, की माती हळूहळू पोटभर पाणी पिई आणि मग रात्री कधीतरी पहिला थेंब पडे. "धाबं गयस रे भाऊ, उठ," अशी आईची हाक आली की आम्ही अंथरुणे गुंडाळून तपेली, पातेली, परात मांडायला लागायचो. शिवाय दरवर्षी नवी खारी टाकायची आणि जुनी खरवडायचा कंटाळा करायचा, असे दहा-पंधरा वर्षे केले की धाब्याचे वजन केवढे होई! सर वाकत. झड संपता संपता अमक्याचे धाबे बसले, तमक्याची भिंत खचली, माणूस दबला, अशा बातम्या येत. आजही खेड्यापाड्यांतून येतात.

नदीचा पूर हा वेगळाच प्रकार. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे खान्देशचे मुख्य ठाणे केले आणि सरळ रेषेत पेठा आखल्या. त्या सरळ गल्ल्यांचा अभिमान धुळेकरांना आजही आहे. पण १८७२ साली पांझरेला मोठा पूर आला आणि शहरातल्या घरादारांचे फार नुकसान झाले, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. मातीच्या भिंतीला वरून आलेले पाणी एक वेळ सोसते, पायथ्याला साचलेले सोसत नाही. पायाच विरघळतो. खान्देशात नदीकाठी जी पांढरीची टेकाडे दिसतात, ती बरीचशी अशीच पडलेल्या घरांवर घरे बांधत तयार झालेली आहेत. गिरणेकाठच्या बहाळला आणि तापीकाठच्या प्रकाशाला पुरातत्त्व खात्याने १९५० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा हजारो वर्षांचे थर एकावर एक निघाले. लोक मात्र त्याआधीपासून असल्या टेकाडांची माती गाड्या भरभरून नेत होते. पणजोबांच्या विरघळलेल्या भिंतीतून नातवाची भिंत उभी राहायची.

माझे वडील धुळ्याला एका अडत दुकानावर दिवाणजी होते. दुकानाचे हिशेब लिहून दमत नसत म्हणून की काय, घरी आल्यावर घरचीही कीर्द लिहीत. लांबट लाल चोपड्या, अक्षर आधी मोडी, नंतरच्या वर्षांत बाळबोध. अशा ११ चोपड्या. त्यांत दर वैशाखात एक नोंद ठरलेली: खारी अमुक गाड्या, बडवणावळ, पन्हळ दुरुस्ती. कागदाविषयी त्यांना ममता होती. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच १९२६ च्या शेवटच्या दिवशी वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कागदपत्रांसाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. वडील मला शाळेत असताना तिथे घेऊन गेले होते. जुनी दप्तरे सुती रुमालांत बांधलेली मी तिथे पाहिली. वडिलांनीही आपल्या चोपड्या तशाच रुमालात बांधून, मध्ये वेखंडाचे तुकडे घालून, स्वयंपाकघराच्या बाजूच्या फडताळात ठेवल्या. ती भिंत चुलीमुळे बारमाही कोरडी. त्या गळक्या घरात ४० वर्षे चोपड्यांच्या एका पानालाही डाग पडला नाही.

मग स्लॅब आला. तरुणांना सांगून खरे वाटणार नाही, पण आमच्या नोकरीच्या सुरुवातीला सिमेंट परमिटवर मिळत असे. १९८२ मध्ये सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. त्या सात-आठ वर्षांत मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. धाबे पाडून स्लॅब टाकायचा आहे, या कारणाचे अर्ज इतके यायचे की ते वाक्य मला पाठ झाले होते. आमचेही धाबे त्याच काळात उतरवले. वडील शेवटपर्यंत स्लॅबकडे संशयाने बघत. पहिल्या वैशाखात त्यांनी विचारले, "आता याला वर्षाचं काय करायचं?" मी म्हणालो, "नाना, याला काहीच करावं लागत नाही." हे वाक्य मी बँकेतला अधिकारी म्हणून, ग्रॅज्युएट म्हणून, मोठ्या आत्मविश्वासाने बोललो होतो.

बदलीच्या चक्रातून शेवटी जळगावला स्थिर झालो आणि आपल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामानात वडिलांच्या चोपड्या आल्या. नवे घर, नवे कपाट. जुना मळका रुमाल बरा दिसेना, म्हणून मी त्या चांगल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड दोरीने घट्ट बांधून, बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून.

आता सभेचे इतिवृत्त. इमारतीला १२-१३ वर्षे झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी पहिल्यांदा अर्ज दिला, की छताला ओल येते, गच्चीचा कोबा तडकला आहे. मी खजिनदार होतो. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी दोन्ही मुदत ठेवीत होते, व्याज चांगले होते, आणि ठेव मुदतीआधी मोडणे हे आम्हा बँकवाल्यांना पाप वाटते. मी उभा राहून म्हणालो की आपल्याकडे पाऊस तो किती, हा प्रश्न मुख्यतः तिसऱ्या मजल्याचा आहे, आणि पुढच्या वर्षी बघू. टाळ्या पडल्या. इतिवृत्तात तसे लिहिलेले आहे. पुढच्या वर्षीही तेच ठरले. तिसऱ्या वर्षी तडजोड म्हणून जुना कोबा न काढता त्यावरच नवा थर टाकला. जुनी खारी न खरवडता नवी टाकण्याचा जो गुन्हा आमच्या गल्लीत लोक करायचे, तोच हा.

आप्पांच्या नातवाला त्या पावसाळ्यापासून खोकला आणि धाप लागायला लागली. डॉक्टरांनी खोलीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी बघून मुलाला त्या खोलीत झोपवू नका म्हणून सांगितले. ओलसर घर आणि दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्वतंत्र पुस्तक काढून मांडलेला आहे. मी ते नंतर वाचले. आप्पांनी माझ्याशी बोलणे सोडले. पुढे त्यांच्या छताचा पोपडा पडला, आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे सर्वांचे डोळे उघडले. म्हणजे माझे उघडले. बाकीच्यांचे आधीच उघडे होते, पण खजिनदाराच्या विरोधात कोण बोलणार?

त्याच सुमारास माझ्या बेडरूमच्या भिंतीला फोड आले. गच्चीतून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपचा सांधा फुटला होता आणि पाणी बाहेरच्या भिंतीतल्या चिरेतून थेट पहिल्या मजल्यापर्यंत आले होते. मी रंगाऱ्याला बोलावले. त्याने खरवडून, लांबी भरून, वर चकचकीत ऑइल पेंट मारून दिला. दिवाळी छान गेली. पुढच्या श्रावणात तो रंग तळलेल्या पुरीसारखा फुगला आणि आतून लोणा बाहेर आला.

ही चूक माझी एकट्याची नाही, एवढे समाधान मला अजिंठ्याने दिले. आपल्यापासून ६० किलोमीटरवरची लेणी आपण पाहुणे आले की दाखवतो, पण तिथल्या भिंतींचे दुखणे आपल्यासारखेच आहे हे कुणी सांगत नाही. चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत, मागच्या खडकातून पावसाळ्यात पाणी झिरपते आणि प्रेक्षकांच्या श्वासाने आतली हवा दमट होते. निजाम सरकारने १९२० ते १९२२ मध्ये लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटलीचे जाणकार बोलावले. सुटत आलेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, ते मोठेच काम. पण वरून शेलॅकचे रोगण दिले. ते पुढे पिवळे पडले, गिलाव्याचा श्वास कोंडला आणि ते रोगण उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची पुढची कित्येक वर्षे गेली. भिंतीतली ओल बाहेर यायला वाट मागते. ती वाट आपण रंगाने बंद केली की ती दुसरीकडून फोडून निघते.

रंगाचे कळले तेव्हा मला एकदम प्लास्टिकची पिशवी आठवली. कपाट उघडले. कुबट वास आला. दोरी सोडली तर आत पाण्याचे थेंब, आणि चोपड्यांवर हिरवा-काळा बुरा. सहा चोपड्या वडीसारख्या घट्ट झालेल्या. गळक्या धाब्याखाली जे ४० वर्षे टिकले ते सिमेंटच्या पक्क्या घरात मी तीन पावसाळ्यांत घालवले. सौ. म्हणाली, उन्हात टाका. सुदैवाने मी टाकल्या नाहीत. उन्हाने कागद आकसतो आणि शाई उडते. पंख्याखाली सावलीत, पानांमध्ये कोरे शोषक कागद घालून, ते रोज बदलत पंधरा दिवस वाळवल्या. सुकल्यावर नाकाला फडके बांधून मऊ ब्रशने बुरशी झटकली, तीही बाल्कनीत. पाच वाचल्या.

गच्ची मग नीट केली. दोन्ही थर काढले, उतार पुन्हा दिला, पाइपांच्या तोंडाशी गोलाई केली आणि २४ तास पाणी साठवून तपासले. ठेव मोडावी लागली. पहिल्या अर्जाच्या वेळी जो खर्च आला असता त्याच्या कितीतरी पट आला, त्यात आप्पांच्या छताच्या सळ्या वेगळ्या. आदर्श उपविधींत लिहिलेलेच आहे, की गच्चीतून येणारी पावसाची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने थांबवायची आणि फ्लॅटच्या आतली, म्हणजे नहाणीच्या ट्रॅपची किंवा टाइल्सच्या सांध्यांची, सभासदाने स्वतःच्या. दुरुस्ती निधीसाठी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्का घ्यायचा, तो यासाठीच. मी ते टक्के पै-पैशांनी वसूल करत होतो. खर्च मात्र करू देत नव्हतो.

अजूनही काहींच्या घरात डाग येतात आणि ते गच्चीकडे बोट दाखवतात. प्रत्येक वेळी गच्ची दोषी नसते. आपला कूलर बघा. तो पाण्याची वाफ घरात सोडूनच हवा गार करतो. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा चालते, पण समोरची खिडकी उघडी हवी. जूनमध्ये हवा दमट झाल्यावरही दारे लावून कूलर चालवला तर गारवा येत नाही, नुसती ओल भरते. मग बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे काळे ठिपके उमटतात. झरोका नाही, चूल नाही, पावसाळ्यात कपडे आतल्या दोरीवर. ओल कुठली आहे ते ओळखायला सोपा उपाय आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येते, सेक्रेटरींकडे अर्ज द्या. थेंब पुढच्या बाजूला असतील तर ते आपल्याच घरातल्या हवेचे आहेत, खिडकी उघडा आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा.

आप्पा आता माझ्याशी बोलतात. गेली काही वर्षे आखाजीनंतरच्या रविवारी आम्ही दोघे गच्चीवर जातो, पाइपांच्या तोंडातला पाला काढतो, चिरा खडूने खुणावतो आणि त्यांचा नातू मोबाइलवर फोटो घेतो. तो आता कॉलेजात आहे. यंदा आणखी चार-पाच जण आले तर पाण्याची टाकीही सरकवून बघता येईल.

वाचलेल्या पाच चोपड्या पुन्हा सुती रुमालात, आतल्या भिंतीच्या कपाटात आहेत. शेवटच्या वाचता येणाऱ्या पानावर वैशाखातली नोंद आहे: खारी ४ गाड्या, बडवणावळ, नवी पन्हळ, आणि खाली, 'शेजारी यांचेकडे १ गाडी उसनी दिली'. ती परत आली की नाही ते पुढच्या चोपडीत असणार. पुढची चोपडी त्या सहांपैकी आहे.